वहीत: अंगठा, डावा

बाकोलोदपासून दीड तासावर, बंद पडलेल्या साखर कारखान्यात
अकरा रात्रींत उरकायचा होता सिनेमा.
पैसे रोदेलियोच्या मेव्हण्याचे, जनरेटर चर्चचा,
आणि भूत म्हणजे आमची स्वयंपाकीण नेनिता,
भात उतरवून, तोंडाला पीठ फासून उभी राहायची.

माझं काम वहीचं.
कुठल्या शॉटला कुणाची बाही किती दुमडलेली,
मेणबत्ती किती जळलेली,
रक्त गालावरून कुठवर ओघळलेलं.
रक्त म्हणजे काकवी आणि लाल रंग.
मुंग्यांना सगळंच खरं वाटायचं.
प्रत्येक टेकच्या आधी प्रेत झटकून घ्यावं लागे.

गोष्ट अशी, की
ती वजनकाट्यावरची कारकून, तो उसाच्या ट्रकवरचा हमाल.
एका रात्री दोघं एकदमच रसाच्या जुन्या कढईत डोकावतात
आणि तिचा जीव त्याच्यात, त्याचा तिच्यात.
तीन रात्रींत पुन्हा डोकावलं नाही तर कायमचं.
भीती इथवर नव्हतीच.
भीती ही, की त्यांना डोकावायचं नसतं.
तो तिच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघतो
आणि पहिल्यांदाच स्वतःला आवडतो.

इफेक्टला पैसे नव्हते.
रोदेलियो म्हणाला, दिवा घालवू, चार मोजू, दिवा लावू.
मधलं तुमचं तुम्ही बघा.

दिवा लागला तेव्हा क्रिसान्तो गुडघे जुळवून बसला होता,
नसलेला स्कर्ट मांडीखाली सारत.
आणि माराव्हिलनं, जेमतेम पाच फुटांची ती पोर,
खांद्यावरचं न दिसणारं पोतं धप्पकन टाकलं
आणि उजव्या भुवईवरून डावा अंगठा फिरवला,
त्याच्यासारखा.
कुणी हसलं नाही. जनरेटर तेवढा खोकला.

मी लिहून घेतलं: अंगठा, डावा.

सहाव्या रात्री, जेवणाच्या सुट्टीत,
सुक्या मासळीचं डोकं मोडताना तिचा अंगठा पुन्हा भुवईवर.
तो कॉफीवर तीनदा फुंकर घालत होता.
तीनदा फुंकायची ती.
कॅमेरा बंद. लेन्सवर टोपण.
अंगवळणी पडणं म्हणतात,
पण कुणाच्या अंगाचं वळण, कुणाच्या अंगी?
मी पेन्सिलीनं समासात टिपलं: शॉटमध्ये नाही.

नवव्या रात्री त्याची बायको आली, सिलायहून,
मोटरसायकलच्या साइडकारमधून, गुडघ्यावर डबा धरून.
दारात उभी राहून टेक पाहिला, मग पुढचा,
मग टेक नसतानाचं.
तिला वही लागली नाही.
डबा माझ्या खुर्चीशी ठेवून म्हणाली,
तो मिरची खात नाही, म्हणजे आधी खायचा नाही.
आणि गेली.
नेनिता पीठ फासून तिच्या वाटेतच उभी होती,
तिला बघून दचकली ती नेनिता.

शेवटचा शॉट: जीव परत जागेवर.
दिवा गेला. एक, दोन, तीन, चार.
क्रिसान्तो पाय फाकून बसलेला, बरोबर.
माराव्हिल माराव्हिलसारखी, बरोबर.
मग सावकाश, कुणी न सांगता,
अंगठा.

ओरडायला हवं होतं मी. चूक धरणं एवढंच माझं पोट.
डिझेल वीस मिनिटांचं उरलं होतं.
मी खाली वहीत बघितलं.
लिहिलं: ठीक.

तालिसायच्या बास्केटबॉल मैदानात चादरीवर दाखवला.
पोरं नेनिताला बघून किंचाळली, मग खिदळली,
कढईला शिट्ट्या पडल्या.
अंगठा कुणाच्या लक्षात आला नाही.
एक बाई मध्येच उठून गेली. अंधार होता.
डासही फार होते.

वही माझ्याकडेच आहे. नवव्या रात्रीची पानं
एकमेकांना चिकटलीत, काकवीनं.
सोडवायला गेले तर दोन्हीकडची अक्षरं निघतात.
मुंग्या अजून येतात.