नमुना क्रमांक तीन

"सीनेला पाणी आलंय की ओ मॅडम," लॉजवरचा पोरगा म्हणाला,
जसं कुणी सांगावं, पाहुणे आलेत.
मोहोळच्या अलीकडे ट्रकांची रांग,
माझी गाडी कुर्डुवाडीलाच थांबवलेली,
आणि उद्या सकाळी दहाला नाशिकात मीटिंग,
तिला काय सांगू?

मी आले होते टॉवेलमागे दोन रुपये कमी करायला.
सव्वातीन हजार नग, पांढरे, साडेचारशे जीएसएम,
कडेला हॉटेलचं नाव विणून.
म्याकलशेठनी चहा दिला. पुन्हा चहा दिला.
कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला,
मी तो त्यांच्याकडे.
शेवटी सात नमुने पिशवीत घालून म्हणाले,
"सावकाश बघा. पाऊस हाय."
मला वाटलं, भाव न सोडण्याची ही त्यांची तऱ्हा.

अशोक चौकात रिक्षा बंद पडली.
पुढचं सगळं चालत.
चपला हातात, लॅपटॉप पदराखाली,
गुडघ्याला घासून गेलेली कुणाची तरी प्लास्टिकची घागर.

खोली नंबर नऊ. लाइट नाही.
लॉजचा टॉवेल असा, की धरला मेणबत्तीपुढे
तर पलीकडची ज्योत दिसावी.
मग मी पिशवीची गाठ सोडली.

बारा वर्षं मी टॉवेल विकत घेते.
वजन करते. धुऊन किती आटला ते मोजते.
कात्रीने चौकोन कापून पाण्यावर सोडते
आणि बुडायला किती सेकंद लागतात ते लिहिते.
अंग कधी पुसलं नव्हतं.
नमुना तीनने मी केस पुसले, मान पुसली,
पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून,
आणि तसाच खांद्यावर टाकून बसून राहिले
पावसाकडे पाठ करून.

साहेबांचा फोन, "तिथूनच जॉइन व्हा."
बॅटरी चार टक्के.
मी हो म्हणाले. फोनने नाही म्हटलं.

शनिवारी जागी झाले दुपारी दीडला.
इतकी झोप मला कुणी उसनीही दिली नव्हती.
खाली स्वयंपाकघरात अंबुबाईंनी पुढ्यात ठेवली
कडक भाकरी, शेंगाची चटणी, वाटीभर दही.
"दातानं नका झटापट करू, आमटीत बुडवा आधी.
ती मऊ व्हायचा टाइम घेती."
मीही घेतला.

रविवारी उघडीप.
अंबुबाई मला घरी घेऊन गेल्या, साखर पेठेत,
ओट्यावर सून विड्या वळत होती,
पान, चिमूटभर जर्दा, दोरा, झालं,
पान, चिमूट, दोरा.
माझी विडी तीनदा सुटली.
त्या दोघी तेलुगूत काहीतरी बोलल्या आणि पोट धरून हसल्या,
मीही हसले, कशाला ते न कळता.
मग सवयीने विचारून गेले,
"हजाराला किती मिळतात?"
सुनेने आकडा सांगितला.
मान वर न करता सांगितला.
मी पुढचं, ठरलेलं वाक्य बोलले नाही.

संध्याकाळी कंबर तलावाच्या काठी एकटीच.
पाण्यात अर्धी बुडालेली बाकं,
एका बाकाच्या पाठीवर बगळा,
कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा, पण बघत नसलेला.
परतताना लाइट आली.
गल्लीत कुठेतरी एक माग खडखडला, अडखळला,
मग दुसरा, मग मोजायचं सोडून दिलं.

सोमवारी पूल खुला झाला.
एक रुपया सुटला. कुणी सोडला ते विचारू नका.
रिपोर्टमध्ये नमुना तीनपुढे
"शोषण: उत्तम" असं लिहिलं, आणि सेकंदांचा रकाना
रिकामा ठेवला. त्यावर मेल येईल.

खिडकीतल्या दोरीवरून तो काढला तेव्हा
अजून दमट होता, पिशवी जड झाली.
ओला टॉवेल कोरड्याहून किती भारी,
हे मला तोंडपाठ असतं.
स्टेशनपर्यंत हात बदलत नेला.