नामंजूर

शुक्रवारी अकोथबाईंचा विम्याचा दावा
मी नामंजूर केला.
बोटीचं इंजिन सरोवरात गेलेलं,
तिसऱ्या पानावर सही नव्हती.
कलम सात, पोटकलम ब.
शिक्का सरळ उमटला, नेहमीसारखा.

आज देवळात पोचायला उशीर.
किसुमूतला रविवार, बाकं गच्च.
सरकल्या त्या त्याच,
नातवाला कोपरानं ढकलत.

प्रार्थनेत
ऋण सोडण्याची ओळ आली
तेव्हा मी नुसतेच ओठ हलवले.
त्या मोठ्यांदा म्हणाल्या, जरा बेसूर.
साबणानं धुतलेल्या हातांना
तरीही माशांचा वास.

नंतर अंगणात चहा, उकडलेले शेंगदाणे.
"सही नक्की कुठं करायची असते गं, पोरी?"

मी पर्समधून पेन काढलं.

कंपनीचंच होतं ते.