नव्वद सेंटिमीटर

बुधवार निवडला. बुधवारी तिकीट दोनशेने कमी,
आणि शाळांच्या सहली शक्यतो बुधवारी येत नाहीत,
हे मी तीन आठवडे फोन करून करून काढलेलं.
पतपेढीत किरकोळ रजा टाकली. कारण : घरगुती.

गोराईच्या धक्क्यावर साडेनऊला उभे.
सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, बोटीचं डिझेल,
ऊर्वीच्या हातात गॉगल, शर्विल दीपालीच्या कडेवर,
माझ्या पाठीवर मेथीचे पराठे, दहीभात, सहा उकडलेली अंडी.
बाहेरचं खाणं आत चालत नाही. बाळाचं चालतं.
म्हणून त्या दिवशी चौघांचा डबा बाळाचा होता.

गार्डने अंडी मोजली. शर्विलकडे पाहिलं.
"सहा?"
"वाढतं अंग आहे," दीपाली म्हणाली.

खिडकीशेजारी भिंतीवर एक जिराफ रंगवलेला,
त्याच्या मानेवर लाल रेघ : नव्वद सेंटिमीटर.
रेघेखाली फुकट, रेघेवर साडेआठशे.
रांगेतले आईबाप आपापल्या लेकरांना
खांद्यावर हात ठेवून हळूच दाबत होते.
हेच लोक एरवी दुधात काय काय पावडरी घालतात.
दीपाली वाकली. "बेडूक कसा बसतो, राजा?
तसं नाही, थोडंसंच. गुडघे सैल."
तो थोडासा बेडूक झाला.
खिडकीतल्या मुलीने मान वर केलीच नाही.
तीन तिकिटं. मनातल्या मनात
मी साडेआठशे जमेला धरले.

आत मधमाशांचा पाळणा. तिथंही जिराफ,
तिथंही रेघ, तिथंही नव्वद,
फक्त इथं रेघेखाली असाल तर बसायचं नाही.
"पाठ ताठ," मी म्हणालो. "हनुवटी वर. टाचा, टाचा उचल!"
आणि जिराफाला पाठ लावून उभा तो,
घामाने केस कपाळाला चिकटलेले,
शाळेत बाईंना विचारावं तसं विचारतो,
"बाबा, आता मोठा होऊ का छोटा?"

मागचे हसले. मीही हसलो,
काहीतरी करायला हवं म्हणून.

बसला. पाळणा सुरू व्हायच्या आधीच रडला. उतरला.

तिकिटामागे मी काड्या मारत होतो, पाचपाचच्या जुड्या.
ऊर्वीचे अकरा झाले, म्हणजे पाळण्याला सत्त्याहत्तर,
बारावा झाला की एकाहत्तर.
"अरे, तिला पाणी तरी पिऊ दे," दीपाली म्हणाली,
आणि तेव्हाच लक्षात आलं, शर्विल नाही.

लाटांच्या तलावामागे, जिथं पाटी नाही, रांग नाही,
निळ्या गणवेशातले एक म्हात्रेमामा
गळका नळ उघडून बसले होते,
आणि त्यांच्यासमोर, कुणी न सांगता,
पुरता बेडूक होऊन हा.
मामा म्हणत, "वायसर." हा वायसर देई.
मामा म्हणत, "हा नाय, बारका." हा बारका देई.
सव्वा तास.
पाणी फुर्रकन उडालं की दोघं एकदमच हसत,
एकाला दात नव्हते पुढचे, दुसऱ्याला मागचे आले नव्हते.
शून्य रुपयांत सव्वा तास. हे कुठल्या रकान्यात मांडायचं
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.
बाराव्याची रांग सोडून ऊर्वीही आली,
"मला पण वायसर."
अकरावरच राहिले. मी एक अंडं सोललं.

रात्री आंघोळी झाल्यावर
ऊर्वीने दाराच्या चौकटीची आठवण काढली :
दरवर्षी मारतो त्या रेघा, यंदा राहिल्याच होत्या.
शर्विल पाठ लावून उभा राहिला,
डोळे पेंगुळलेले.
"मोठा होऊ का छोटा?"
"आहेस तेवढा," मी म्हणालो.
पट्टी डोक्यावर आडवी धरली, टेप सोडली.
एक्क्याण्णव. आणि वर थोडं.

दीपालीने माझ्याकडे पाहिलं.
मी पेन्सिलीला टोक काढत राहिलो,
बराच वेळ, ते आधीच होतं तरी.