आवरेज

कागदावर एकवीस.
माझ्या वहीत, टाकी ते टाकी,
चौदा पॉइंट तीन.

अंबडच्या शोरूममधला पोरगा म्हणाला,
काका, ते बंद खोलीत मोजतात, रोलरवर.
म्हणजे तिथे वारा नाही,
पिंपळगावची लाइन नाही,
मागे साठ क्रेट द्राक्षं
आणि त्यांच्यावर झोपलेला दौलत नाही.

कसारा उतरताना मात्र
ब्रेक दाबला की बॅटरी भरते,
आकडा एकवीसच्याही वर.
तेवढी बारा मिनिटं
गाडी कागदाला जागते.
परतीच्या चढाला रिकामीच असते,
तरी कमावलेलं सगळं खाऊन टाकते.

कुमुदने वही चाळली.
चौथा कप ओतता ओतता म्हणाली,
बघायला आलात तेव्हा
तुमचे मामाही सांगत होते,
मुलगा चहासुद्धा घेत नाही.