समासात

वीस खुर्च्या मांडल्या, मग सहा उचलून ठेवल्या.
रिकाम्या खुर्च्या बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात,
एवढं बावीस वर्षांच्या नोकरीत कळलंय मला.
थर्मासात कॉफी, आल्याची बिस्किटं,
दारावर माझ्याच अक्षरातला कागद:
गुरुवारी साडेसहाला, लायब्ररीच्या तळघरात,
लॉरेटा विस्नोस्की आणि तिचं पुस्तक.

लॉरेटाला गाव ओळखतं ते पिवळ्या बसमुळे.
अर्ध्या पेनसिल्व्हेनियाला तिने शाळेत सोडलंय
आणि उरलेल्याला दम भरलाय, असं तीच म्हणते.
निवृत्तीनंतरची नऊ वर्षं आमच्या मायक्रोफिल्मपाशी,
चष्मा कपाळावर,
एकाच माणसाच्या मागे:
काझिमिर डोंबेक, कॅचर,
कोळशाच्या खाणीतून थेट मोठ्या लीगमध्ये गेला
आणि मोजून अकरा दिवसांत परतला.

अकरा दिवसांची तीनशे चाळीस पानं.

उजव्या हाताची तीन बोटं, म्हणाली,
तीन निरनिराळ्या गावांत मोडलेली.
गावांची नावं तिला पाठ, थांब्यांसारखी.
मग अडतीस सालचा ऑगस्ट, आठवी इनिंग,
चेंडू ग्लोव्हला चाटून मागे घरंगळला
पार कुंपणापर्यंत,
आणि तिसऱ्या बेसवरचा गडी चालत घरी आला.
(बेसबॉलमध्ये त्यालाही घरच म्हणतात.)
दुसऱ्या दिवशी काझिमिरलाही
घरी पाठवलं.

टाळ्या. व्हर्ननने विचारलं, पगार किती होता.
कुणीतरी विचारलं, पुस्तकावर सूट आहे का.

मग कोटांच्या खुंट्यांपाशी बसलेल्या
आयरीना कोसिक उठल्या. उठायला वेळ लागला.
“पान एकशे बारा,” त्या म्हणाल्या,
“तिथे तो फार घडाघडा बोलतो.
तसा नव्हता तो.
पुढचा दात चेंडूने नेलेला,
‘स’ म्हटला की शीळ निघायची.
माझ्या काउंटरवर सूप मागायचा
आणि शिफ्टवरून आलेली पोरं खिदळायची.
म्हणून मग बटाटे मागायला लागला.
आवडायचं त्याला सूपच.”
जरा थांबून:
“मी न विचारता वाडगा पुढे ठेवायचे.
सतरा वर्षं.”

बर्फात बस उलटी फिरली तेव्हाही
न गडबडलेली लॉरेटा
पेन्सिल शोधत होती. माझीच दिली.
समोरची प्रत उघडून ती समासात लिहू लागली,
बारीक, काठाकाठाने, वळून पुन्हा वर.

प्रत आमची होती.
शिक्का कालचाच, शाई अजून ओलसर.
पुस्तकात लिहिणाऱ्याला पाच डॉलर दंड,
ही पाटीही माझ्याच अक्षरात.
मी खुर्च्या मिटायला घेतल्या,
नेहमीपेक्षा जास्त आवाज करत.

आठ वाजले. वरचे दिवे मालवून आलो
तरी खाली दोघी तशाच,
एक वाकलेली, एक टेकलेली,
आणि लॉरेटा विचारतेय,
“बरं, सूप कसलं?”