लाभ

आमच्या हिंगणखेडीत एक मोजत नाहीत.
खळ्यावर पहिलं माप पडलं की म्हणायचं, लाभ.
मग दोन, मग तीन.
तसं पूर्वी सगळीकडंच होतं म्हणा,
पण आमच्याकडं त्या शब्दावरनं गोळी चालली.

इनामदाराची अधोली लोखंडी.
आतनं ठोकून ठोकून पोट सुटलेलं तिचं,
मापामागं एक ओंजळ जादा खायची.
सगळ्या गावाला ठाऊक.
ती भरायचा माझा पणजा, सिद्राम मापाडी.
तीस सुग्या भरली.
ओंजळ कुणाची गेली ते बघायचं नाही,
आकडा चुकवायचा नाही, एवढंच काम.
शेवटी खळं झाडून निघालेलं त्याचं,
मातीसकट.

त्या साली शाळू दाटून आला होता.
फाल्गुन लागलेला, मळण्या उरकत आलेल्या.
कोळेकराच्या राशीतनं त्यानं पहिली अधोली ओतली,
म्हणाला, लाभ.
दुसरी भरली, ओतली.
म्हणाला, लाभ.
कारकून हसला. दोन म्हण की रं, म्हातारा झालास.
तिसरी.
लाभ.

भामाबाई कोळेकर कडेला पाखडत बसली होती.
तिनं सूप खाली ठेवलं
आणि विचारलं,
कुणाचा?

पुढचं चावडीसमोरच्या खांबावर कोरलंय.
अकरा खळी, तेरा दिवस, चार माणसं.
दोघं कोळेकर, एक मुलाणी, एक होलार.
भामाबाईचं नाव नंतर घातलं, अक्षर वेगळं दिसतं.
सिद्राम नाही त्यात.
तीस सुग्यांच्या ओंजळी मोजल्या असणार लोकांनी.
बरोबर मोजल्या.

अधोली विहिरीत कुणी टाकली
ते विचारू नका, प्रत्येकाच्या आज्यानं टाकली.

गेल्या उन्हाळ्यात गाळ काढायला यारी लावली.
चपला निघाल्या, दोन घागरी, मोटेचं एक चाक,
आणि हे.
सरपंचानं हातात धरून फोटो काढला.
कुणी म्हणालं तीच. कुणी म्हणालं,
हॅट, इंजनाचं डबडं हाय.
मी घरी आणली, घासली,
शाळू भरायला बसलो तर
दाणे सरळ मांडीवर.
तळच नाही.
ज्या पोटापायी एवढं झालं
ते पाण्यानं खाऊन टाकलेलं.

आता मोहोळच्या अडतीत काटा इलेक्ट्रॉनिक.
हमाल पोतं आदळतो, तांबडे आकडे
थरथरतात, थांबतात.
कुणी काही म्हणत नाही.
माझ्या तोंडात मात्र तो शब्द येतो.
दुसऱ्या पोत्यालाही तोच.
तिसऱ्याला मी इकडंतिकडं बघतो,
कुठं सूप खाली ठेवल्याचा
आवाज येतो का ते.