सुतळी

सांवेर रोडवर शेवेचा कारखाना आहे.
तिथे तपासणीला गेले की मी आधी वर बघते,
देवीच्या फोटोशेजारी टांगलेलं सर्टिफिकेट नंतर.
सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांड्यावर
काही ठेवलंय का, ते.

ही खोड आजोबांची.
परदेशीपुऱ्यातून ते भोंग्याआधी निघायचे,
मिलमध्ये गेंदालाल फायरमनच्या हाताखाली
कोळसा ओढायला.
इंग्रजी मुलखात बॉयलरचा कायदा तेविसातच झालेला.
इथे संस्थान. इथे काय नियम होते
आजोबांना ठाऊक नव्हतं,
बॉयलरघरात तरी कुणी वाचून दाखवले नाहीत.

साइझिंगला वाफ पुरेना,
म्हणून वरून निरोप आला,
आणि दांड्याला एक वीट लटकली.
आठवड्याने दुसरी.
गेंदालाल म्हणायचा, इनको सांस लेने दो, भिया.
म्हणायचा, आणि फावडं उचलायचा.
घरी पाच तोंडं होती त्याच्या.

स्फोटाचं आजोबा फारसं बोलत नसत.
ते नळावर पाणी प्यायला गेले होते, एवढंच.
छपराचा पत्रा लिंबाच्या झाडात अडकला होता.
वीट मात्र कुंपणापलीकडे सापडली,
कोपराही न उडालेली.
चौकशीच्या कागदावर आलं:
पाण्याची पातळी राखण्यात फायरमनची हयगय.
सही, शिक्का.
मेलेला माणूस कशाला हरकत घेतो.

पुढे संस्थान गेलं, कायदा आला.
हातोडीने रिव्हेट वाजवत, कान लावून ऐकत
साहेब लोक आत रांगू लागले.
आता मीही रांगते, गुडघे दुखतात तरी.
व्हॉल्व्हशी छेडछाड करणाऱ्याला शिक्षा
असं कलम आहे. त्यात कुणाचं नाव नाही.
पण ते वाचताना मला सुतळी दिसते,
दोन विटांना बांधलेली.
ती गाठ आजोबांनी मारली होती.
त्यांनी हे मला सांगितलं
मी या परीक्षेत पास झाले त्या रात्री,
पेढा हातात तसाच धरून.

आज दांड्यावर पंचा वाळत घातलाय.
ऑपरेटर पोरगा हसतो,
मॅडम, पंचाचं वजन ते किती!
मी शिडी चढते.
काढते, घडी करते,
त्याच्या हातात देते.

ऊन लागतो हाताला,
नुकत्याच काढलेल्या अंगरख्यासारखा.